मागून मागून प्लग

अधिक महिन्यात सासुरवाडीला गेलेला जावई काय मागेल, याचे अंदाज सासरच्या माणसांनी आधीच बांधून ठेवलेले असतात. अंगठी, चांदीचं ताट, फार तर मोटारसायकलीचा एखादा हप्ता. 2023 साली अधिक श्रावण आला आणि रीतीप्रमाणे आम्हाला चांदूर बाजारचं बोलावणं आलं. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे तळले, ताटात तेहतीस अनारसे रचले, त्यावर दिवा ठेवला आणि मामाजींनी ते ताट माझ्यापुढे सरकवत विचारलं, "अजून काही मनात असंन तं सांगा, जवाईबापू. लाजू नोका."

मी लाजलो नाही. "मामाजी, एक प्लग पाहिजे," म्हणालो.

"कायचा?"

"विजेचा. भिंतीतला. रात्रंदिवस चालू राहील असा. आणि तुमच्या वायफायच्या डबीतून एक वायर."

सासूबाईंच्या हातातला झारा हातातच राहिला. मेव्हण्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं, जे तो एरवी फक्त चार्जर शोधायला काढतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"पिलग तं लावून देऊ," मामाजी सावरत म्हणाले, "पण आमी अंगठी आणून ठेवली होती."

अंगठी मी घेतली. तत्त्वं आपल्या जागी, अंगठी आपल्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात दोघा-तिघांनी मामाजींना थांबवून विचारलं, "तुमच्या जवायानं लाइन मांगतली म्हन्ते?" दुपारी अचलपूरहून फोन आला, त्यात लाइनचं मीटर झालं होतं. संध्याकाळी मोर्शीच्या मावससासूबाई बोलल्या तोवर आख्खी डीपी झाली होती. "आजकाल हुंड्यात डीपीबी मांगतात का वो?" असं त्यांनी काळजीने विचारलं. त्यांच्या मुलीचं तेव्हा पाहणं चालू होतं.

खरं म्हणजे मला सासुरवाडीत एक बॅकअप सर्व्हर ठेवायचा होता. संगणकवाल्यांमध्ये 3-2-1 नावाचा एक नियम आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकांच्या गळी उतरवला. आपल्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक प्रत दुसऱ्याच गावी असावी. माझ्या दोन प्रती पुण्यात होत्या. एक लॅपटॉपवर, एक कपाटातल्या डिस्कवर. कपाट लॅपटॉपपासून चार पावलांवर. चोर आला तर त्याला दोन्ही प्रती एकाच पिशवीत नेता आल्या असत्या. शिवाय पुण्यात राहायचं म्हणजे पानशेत ऐकावंच लागतं. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, हे आमच्या सोसायटीतले दोन आजोबा हात वर करून दाखवतात. दरवर्षी हात थोडा वर जातो. अजून दोनेक पावसाळ्यांत पाणी माझ्या कपाटापर्यंत पोचेल. आगीचं म्हणाल, तर 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली. तिथल्या फायली जर जळू शकतात, तर माझ्या डिस्कची काय कथा?

आता कोणी म्हणेल, महिन्याला चारदोनशे रुपये भरून मोठ्या कंपनीच्या ढगात का नाही ठेवत? मी महिन्याला दोनशे रुपये भरणारा माणूस नाही. ते वाचवण्यासाठी एका दमात पंधरा-वीस हजार घालवणारा माणूस आहे.

आणि त्या माहितीत होतं काय? लोणावळ्याला काढलेले धुक्याचे फोटो, ज्यांत धुक्याशिवाय काही नाही. मुलीचे बालवाडीपासूनचे दाखले. हप्ते कधीच फिटलेल्या फ्रिजच्या पावत्या. 'नवीन फोल्डर' नावाचं एक फोल्डर, त्याच्या आत 'नवीन फोल्डर 2' आणि त्याच्या आत 'हेच खरं' नावाचं आणखी एक. आक्रमण झालं तर शत्रू हे सगळं पाहून स्वतःहून परत गेला असता. पण माहिती आपली असली की तिचं मोल आपण करत नाही. आपण तिचा बॅकअप करतो.

जागा चांदूर बाजारच का? नकाशा उघडून मी याचा जो विचार केला, तो मुलीच्या शाळेसाठीही केला नव्हता. पुण्याची मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. चांदूर बाजार तालुक्यातून वाहणारी पूर्णा सातपुड्यातून निघते, तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. एकाच पुराने माझ्या तिन्ही प्रती वाहून न्यायच्या म्हटल्या, तर दोन समुद्रांनी आधी आपसात बोलून घ्यायला हवं. हे मी बायकोला उत्साहाने समजावलं. ती म्हणाली, "सरळ सांग ना, अमरावती जिल्ह्यात दुसरं कोणी तुला घरात घेणार नाही."

यंत्र अगदी लहान होतं. रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्याएवढा संगणक, त्याला चिकटवलेली चार टेराबाइटची डिस्क. दोन्ही मिळून साबणाच्या दोन वड्यांएवढे. पहिली मोठी प्रत पुण्यातच भरून नेली होती. तेवढं ओझं नेटवरून पाठवलं असतं तर पुढचा अधिक महिना उजाडला असता. पुढे फक्त रोजची नवी भर रात्री दोन वाजता जायची. अडचण एकच होती. लहान गावच्या नेटजोडणीला बऱ्याचदा स्वतःचा असा पत्ता नसतो, कितीतरी घरं मिळून एकाच पत्त्यामागे उभी असतात. त्यामुळे पुण्याहून चांदूरला हाक मारता येत नाही. चांदूरच्या यंत्रानेच पुण्याला हाक मारायची. मामाजींना ते लगेच पटलं. "म्हन्जे फोन आमीच करायचा. पोरीकडच्याईनंच करायचा असते. रीतच हाये ते."

"आन् अंदर काय हाये?" त्यांनी विचारलं.

"आमचे फोटो, कागदपत्रं."

"पाहू बरं."

"ते पाहता येत नाही, मामाजी. कुलूप घातलंय. किल्ली माझ्याकडे. इथून कोणालाच काही वाचता येणार नाही."

मामाजी गप्प झाले. आमच्याच घरात, आमच्याच लाइनवर, आन् आमालेच पाह्यता येत नाही, हे त्यांच्या भुवयांवर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या भुवयांना कुलूप नव्हतं. तेवढ्यात शेजारचे गुरुजी पेपर परत करायला आले. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी खोकं पाहिलं, माझा 3-2-1 ऐकून घेतला, चष्मा पुसला आणि माझी पार हवा काढून टाकली.

"हे सगळं रिद्धपूरच्या लोकाईनं सातशे वर्षांआधी करून ठेवलं, साहेब," ते म्हणाले.

रिद्धपूर चांदूर बाजारपासून जवळच, मोर्शी तालुक्यात. आता तिथे मराठी भाषेचं विद्यापीठ निघालंय. चक्रधरस्वामी 1274 च्या सुमाराला उत्तरेकडे निघून गेले आणि म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी जे प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून विचारायचं, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचं, मगच लिहायचं. असं लीळाचरित्र तयार झालं. "आन् मंग चूक काय झाली?" गुरुजींनी वर्गात विचारावं तसं विचारलं. मामाजींनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. "प्रत एकच ठेवली! खिलजीच्या फौजेची धाड आली, पळापळीत पोथी गेली. तुमचा तीनचा नियम तवा नव्हता."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! ज्याले जे पाठ होतं त्याच्याकडून पुन्हा उतरवलं. हिराइसा म्हणून एक बाई होती. तिले इतकं पाठ होतं का पुढं तिच्या नावाचा पाठ झाला. हिराइसेचा पाठ. आता सांगा, तुमचं हे खोकं कोन?"

"हिराइसा," मामाजी म्हणाले.

"बरोब्बर. आन् कुलपाचं म्हन्ता, तं पुढं रवळोबासाईनं सकळ लिपी काढली. बाहेरच्याले दिसते, पण वाचता येत नाही. राजवाड्याईनं विसाव्या शतकात ते उलगडेपर्यंत पंथाबाहेर कोनाच्या बापाले कळलं नाही अंदर काय हाये. आन् मठ कुठवर? पार पंजाबपर्यंत. म्हन्जे दुसऱ्या गावची प्रतबी झाली." मग माझ्याकडे वळून, "तुमच्यात नवीन काय हाये ते सांगा."

मी म्हणालो, "वायफाय."

जाता जाता त्यांनी आणखी एक टोला दिला. याच तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज अगदी तान्हेपणी दृष्टी जाऊनही, अवघ्या चौतिसाव्या वर्षी जाईपर्यंत, शंभरावर ग्रंथ सांगून गेले. "त्याईच्यापाशी तं डिस्कबी नव्हती." गुरुजी गेल्यावर खोक्याकडे पाहायची सगळ्यांची नजर बदलली. माझ्या नेटवर्कमध्ये त्या यंत्राचं नाव मी मोठ्या कल्पकतेने 'बॅकअप 2' ठेवलं होतं. मामाजींनी ते त्याच रात्री बदलायला लावलं. हिराइसा.

आता हिराइसेला खरं तर काय हवं होतं? काहीच नाही. ऑफसाइट सर्व्हरचं सगळं सुख यातच आहे की त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहू नये. त्याला दुर्लक्ष लागतं, भरपूर, निर्मळ, वर्षानुवर्षांचं दुर्लक्ष. पुण्यात ते फुकट मिळतं. शेजारी कोण राहतो ते माहीत नसताना माणसं वीस वर्षं सुखाने नांदतात. पण मी यंत्र ठेवलं वऱ्हाडात, तेही जावयाचं. वऱ्हाडात पाहुण्याकडे दुर्लक्ष करणं हे पोलिसात गेलं तर गुन्हा धरतील इतपत वाईट समजतात.

आम्ही पुण्यात पोचलो त्याच रात्री हिराइसा बंद. फोन केला.

"हो, बंद केली म्या," मामाजी म्हणाले. "लाल दिवा लागला होता ना."

"मामाजी, त्यात लाल दिवा म्हणजे वीज ठीक चालू आहे. हिरवा लुकलुकतो, तो काम चालू असल्याचा."

"लाल म्हन्जे ठीक?"

"हो."

"आन् हिरवा म्हन्जे काम चालू?"

"हो."

"हे यंत्र कोनं काढलं? चौकात उभं केलं पायजे त्याले."

मी लाल दिव्यावर चिकटपट्टी लावायला सांगितली. ती लागली. मग सासूबाईंनी उघड्यावर बरं दिसत नाही म्हणून वर क्रोशाचा रुमाल घातला. रुमालाने वारा कोंडतो, हे समजावताना माझी अर्धी दुपारची सुट्टी गेली. शेवटी रुमाल राहिला, पण मधोमध कातरून. टीव्हीवर ठेवतात तसला, खिडकीचा.

पोळ्याला हिराइसेला सुट्टी मिळाली. मामाजींचं म्हणणं बिनतोड होतं: बैल वर्षभर राबतो त्यालेबी एक दिवस जू नाही, हे तं रात्रीबी राबते. महालक्ष्म्यांना तिचा कोपरा मुखवट्यांच्या मांडवासाठी लागला म्हणून ती आंबिलीच्या पातेल्याशेजारी गेली. खंडेनवमीला तिची पूजा झाली. हळद-कुंकू नेमकं पंख्याच्या जाळीवर वाहिलं गेलं आणि पंख्याने ते आत ओढून घेतलं. नंतर मी यंत्र उघडलं तेव्हा आतली पाटी एखाद्या नव्या नवरीसारखी दिसत होती. बहिरमच्या यात्रेच्या दिवसांत तर घरातली सगळी मंडळी रोडगे आणि हंडीतलं मटण खायला गेली, तेव्हा घरात कोणी नाही, एकटीला भीती वाटेल, म्हणून हिराइसेचा प्लग काढून ती शेजारच्या गुरुजींकडे ठेवून गेली. गुरुजींकडे वायफाय नव्हतं. चार दिवस तिने त्यांच्याकडे ज्ञानेश्वरी ऐकली.

मी रागावू शकत नव्हतो, कारण कोणी वाईट काहीच करत नव्हतं. ऑफिसात बसल्या बसल्या मोबाइलवर 'संपर्क तुटला' असा लाल ठिपका यायचा आणि माझ्या पोटात खड्डा पडायचा. मग फोन. मग तिकडून आधी माझी, मग मुलीची, मग पुण्याच्या पावसाची चौकशी. खरा मुद्दा यायला पंधरा मिनिटं. जावयाला वाईट बातमी सरळ द्यायची नसते. "हिराइसा पडून हाये जराशी," एवढंच.

पण सगळ्यात मोठी लांबण लागली ती डिसेंबर-जानेवारीत. हिराइसा बंद, तीही दिवसभर नाही, रात्रभर नाही, आठवडाभर. मग आणखी. फोन केला तर मामाजी नेहमीपेक्षा निवांत. "काही नाही, ताण देऊन राह्यलो."

मी चुकीचं ऐकलं असं समजून पुन्हा विचारलं.

मामाजींची संत्र्याची बाग आहे. संत्र्याला आंबिया बहार आणायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड उदास दिसतं, बाहेरच्या माणसाला वाटतं आता हे गेलं. तेव्हाच झाड आतल्या आत फुलांची तयारी करत असतं. जानेवारीच्या मध्याला पाणी सोडलं की सगळीकडून एकदम कळ्या फुटतात. हे ज्याला कळतं तो बागायतदार, ज्याला कळत नाही तो उगाच पाणी घालत बसतो आणि त्याच्या झाडाला नुसती पानं येतात. मामाजींनी चाळीस वर्षं हे केलंय. एवढं राबणारं यंत्र, त्याला काही ताणच नाही, मग त्याला बहार कसा येणार?

"मामाजी, त्याला बहार नको आहे."

"कोनाले नको असते?"

संक्रांत झाल्यावर त्यांनी प्लग लावला. आता बघा कसं असतं. हिराइसा जितके दिवस बंद होती तितक्या दिवसांचं सगळं काम पुण्यात तुंबून पडलं होतं. ऑफिसच्या सहलीचे व्हिडिओ, मुलीच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, बायकोने माझ्या परवानगीशिवाय ठेवलेले तिच्या मैत्रिणीच्या घरच्या वास्तुशांतीचे व्हिडिओ. प्लग लागताक्षणी हे सगळं सुटलं. हिरवा दिवा दिवसरात्र थडथड उडू लागला. डिस्क गुरगुरायला लागली. रात्री अकराला मामाजींचा फोन, आवाजात विजय: "जवाईबापू, पाहा! बहार फुटला!"

यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर होतं. मी दिलं नाही. ते दिलं असतं तर मे महिन्यात मृग बहारासाठी पुन्हा ताण दिला गेला असता. तो तसाही दिला गेला असता म्हणा, पण मे महिन्यापर्यंत भलतंच झालं.

वऱ्हाडातला उन्हाळा हा ऋतू नसून शिक्षा आहे. सासूबाईंना हिराइसेची चिंता लागली. मी फोनवर सांगितलं, "आई, हे यंत्र आतून ऐंशी अंशांपर्यंत तापलं तरी चालतं, त्यानंतर नुसतं हळू होतं."

"ऐंशी!" पलीकडून मामाजींचा आवाज आला. "मंग ते नागपूरलेबी राहीन."

पण माऊलीचं मन. त्यांनी हिराइसेला कूलरपुढे ठेवलं. वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याने थबथबलेला, आख्ख्या घरात एकच असलेला कूलर. त्याच्यापुढच्या जागेसाठी घरात सख्ख्या भावंडांची भांडणं होतात, आणि तिथे हिराइसा. मेव्हणा मला त्या काळात फोनवर नीट बोलत नव्हता, त्याचं कारण मला उशिरा कळलं. दोन आठवडे वाळ्याचा सुगंधी गारवा घेतल्यावर तिच्या विजेच्या अडॅप्टरमध्ये पाणी गेलं आणि तो फट्ट झाला.

मी ठरवलं, आता नवा अडॅप्टर आणि जोडीला छोटा यूपीएस थेट चांदूरलाच मागवायचा. यातच खरा खेळ झाला. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एक चांदूर बाजार, एक चांदूर रेल्वे. एकाचा पिन 444704, दुसऱ्याचा 444904. मधल्या एका आकड्याचा फरक. बरं, नाव तरी नीट फरक दाखवतं का? चांदूर रेल्वेला बाजार आहेच, आणि आता नरखेडच्या लाइनमुळे चांदूर बाजारलाही रेल्वे आली आहे. पार्सल पोचवणाऱ्याने बिचाऱ्याने दोनपैकी एक निवडलं. ते दुसरं निघालं.

"चांदूर रेल्वेले गेलं? काही हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिथं माही आतेबहीण हाये."

वऱ्हाडात कुठेही काहीही चुकीच्या गावी गेलं तरी तिथे आतेबहीण असतेच. आतेबहिणीने पार्सल सोडवलं, घरी नेलं, कोणी घ्यायला येईपर्यंत असू दे म्हणून उघडून पाहिलं. यूपीएस लावून पाहिला. लाइन गेली तरी वायफाय चालू राहतं आणि मालिकेचा भाग बुडत नाही, हे तिला त्याच संध्याकाळी कळलं. त्यानंतर तो यूपीएस तिथे रुळला. आजही तिथेच आहे. मामाजींनी यातूनही वाट काढली: "असू द्या. तिच्याकडंबी एक प्रत ठेवू. आता लाइन हायेच तिच्याकडं."

अडॅप्टर मात्र परत आला, आणि त्यासोबत मला एक अशी गोष्ट कळली, जी पुण्यात कितीही पैसे टाकून मिळाली नसती. मी चांदूरला अडॅप्टर बदलायला गेलो तेव्हा हिराइसेच्या शेजारी शंभर पानी वही ठेवलेली दिसली. मामाजींचं अक्षर, शाळेत मोत्याचं म्हणत तसलं. मी माझ्या यंत्रावर नोंदी ठेवणारं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं, पण वीज गेली की तेही जायचं. वही जात नव्हती.

"ता. 9. लाइन गेली 2.10. आली 3.40. हिराइसा आपोआप उठली. तब्येत चांगली."

"ता. 14. सकाळपासून मंद. जवाईबापूंना फोन. उचलला नाही. मीटिंग असेल."

"ता. 21. रात्री अंदरून आवाज. उंदीर निघाला. हिराइसेचा दोष नाही."

"ता. 27. सौ. म्हणते ताप आहे. हात लावून पाहिला. नाही."

सगळ्यांत जुनी नोंद आम्ही अधिक महिन्यात परत निघालो त्या संध्याकाळची होती: "आज जवाईबापू गेले. यंत्र एकटं." मी ती वही मोबाइलवर काढून घेतली. तिचेही फोटो रात्री दोन वाजता हिराइसेवर गेले.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याच्या कपाटातली डिस्क टक् टक् करून गेली. लॅपटॉपचीही जागा भरल्यामुळे बरंच जुनं त्या डिस्कवरच होतं. बायकोने विचारलं, "ढगात होतं का?" म्हणालो, "चांदूरला आहे." मग हिशोब मांडला. दोन टेराबाइट चांदूरहून ओढायचे, चांदूरच्या जोडणीचा वर चढवायचा वेग दहा एमबीपीएस धरला तर साडेअठरा दिवस, तेही एकदाही लाइन गेली नाही तर. मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं टाकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला एक लाकडी पेटी उतरली. वर संत्री. संत्र्यांखाली अनारशांचा स्टीलचा डबा. डब्यात सरकी काढलेला घरचा कापूस. कापसात मामाजींचं जुनं धोतर. धोतरात हिराइसेची डिस्क. सोबत चिठ्ठी: "पहिल्यांदाच पुण्याला येत आहे. सांभाळून घ्या." साडेअठरा दिवसांचं काम तेरा तासांत झालं होतं, वर तीन डझन संत्री. डिस्क लावली. लोणावळ्याचं सगळं धुकं जसंच्या तसं मिळालं.

मी आनंदाने फोन करून मामाजींचे आभार मानले. त्यातच घात झाला. मामाजींना नियम आता पुरता पटला होता.

"तीन प्रती म्हन्ले होते ना तुमी?"

"हो."

"एक घरी हाये. एक तलाठ्याकडं हाये. आन् एक दुसऱ्या गावाले पायजे."

पुढच्याच ट्रॅव्हल्सने लोखंडी पेटी आली. पितळी कडीचं कुलूप, दोन हमाल. आत काय आहे? खरेदीखतं असतील, फेरफार असतील, आजेसासऱ्यांच्या हातची पत्रं असतील. बायकोला विचारलं तर म्हणाली, "मला लहानपणी कधी उघडू दिली नाही." मामाजींना विचारलं. "ते तुमाले पाह्यता येत नाही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "किल्ली माह्यापाशी हाये."

दोन खोल्यांच्या घरात ती पेटी टीव्हीखाली बसत नव्हती, म्हणून टीव्ही पेटीवर गेला. रोज रात्री नऊला फोन येतो. पेटी जागेवर हाये का, वाळवी तं नाही ना, ओल तं नाही ना, आणि रविवारी ऊन दाखवलं का.

"मामाजी, कुलूप आहे. ऊन कसं दाखवू?"

"वरून दाखवा."

तर गेल्या रविवारी मी आणि इस्त्रीवाल्याचा मुलगा ती पेटी धापा टाकत गच्चीवर नेऊन ठेवत होतो. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. पानशेतचं पाणी दाखवणाऱ्या दोन आजोबांपैकी एक तेच.

"हे काय आणलंय वर?"

"बॅकअप आहे," म्हणालो.

"कसला?"

"ते मला पाहता येत नाही."

त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, कुलूप हलवून पाहिलं आणि सोसायटीच्या जबाबदारीने विचारलं, "याला वीज किती लागते? कॉमन मीटरवर चालणार नाही, आधीच सांगतो."

"वीज नाही लागत, काका," इस्त्रीवाल्याचा मुलगा घाम पुसत म्हणाला. "ऊन लागतं."